उलट्या दात्यांची हातचक्की

मी एक जुनी हातचक्की आहे. मिरी दळणारी, बिडाची, सव्वाअकरा किलो वजनाची. मित्रांनो, माझी हकिगत ऐकून कुणी हळहळायचे नाही, एवढी अट आधीच सांगून ठेवते. मी बिचारी नाही.

कारखान्यात एकाच दिवशी माझ्यासारख्या चाळीस चक्क्या तयार झाल्या. एकोणचाळीस जणी सुलट राहिल्या. मी ज्या मसाल्याच्या दुकानात गेले, तिथली दळणारी बाई डावखुरी होती. पहिल्या दिवशी दोन तास माझ्याशी झटापट करून तिने मालकाला सरळ सांगितले, "मी हात बदलणार नाही. चक्की बदला."

मालक हसला. पण तिच्याइतके बारीक दुसरे कुणी दळत नव्हते. चौथ्या दिवशी त्याने मुकाट्याने कारागिराला बोलावले. कारागिराने माझ्या पोटातला दाणे पुढे ढकलणारा मळसूत्री दांडा आणि दळणाऱ्या दोन्ही चकत्या नव्याने बनवल्या. सगळे दाते उलट्या बाजूने कापले. तेव्हापासून मी घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने दळते.

एकोणतीस वर्षे मी अशी राबले. गिऱ्हाइके "त्या उलट्या चक्कीची मिरी द्या" म्हणून मागून नेत. मग विजेची चक्की आली, बाई घरी बसली आणि मला जिन्याखाली ढकलण्यात आले. सात वर्षे पोत्यांच्या मागे गंज खात होते. तक्रार नाही. गंज तरी प्रामाणिक असतो.

त्यानंतर मी या खाद्यसंग्रहालयात आले. इथे कशालाच काच नाही. पाहुण्यांनी पीठ मळावे, लोणी घुसळावे, बरण्यांत नाक घालून वास ओळखावेत. मला वाटले, चला, पुन्हा काम मिळाले. पण इथल्या लोकांनी मला हिरवा रंग दिला आणि कारखान्याचे जुने माहितीपत्रक पाहून माझ्या चाकावर लाल बाण काढला. तो बाण त्या एकोणचाळीस जणींचा होता. त्या दिशेने फिरवले की माझ्यातले दाणे उलटे वर येऊन जमिनीवर उडत. "ही खाते कमी आणि ओकते जास्त," म्हणून पाहुणे हसत. कुणी चुकून दुसरीकडे फिरवू लागला, तर माहिती सांगणाऱ्या ताई ओरडत, "बाण बघा, बाण!"

दोन वर्षांनी माझ्यावर "नादुरुस्त" अशी पाटी लागली आणि निर्णय झाला: आतले दाते काढून टाकायचे. मग चाकाचा दांडा नुसताच गरगर फिरेल आणि मुलांना फोटो काढता येतील. बोळक्या तोंडाने हसत उभे राहायचे! मला ते मुळीच मान्य नव्हते. पण चक्कीला पाय नसतात.

गेल्या रविवारी दुरुस्तीवाले काका हत्यारांची पेटी घेऊन आले. गंजलेले नट सैल व्हावेत म्हणून माझ्यात भरपूर तेल सोडून ते पाच मिनिटे थांबले. तेवढ्यात एक कुटुंब आले. आई, बाबा आणि सात वर्षांची मुलगी. तिला घरचे भिंगरी म्हणत.

"काका, ही काय करते?"

"काही नाही करत. आता तिचे दात काढायचेत."

"तिला विचारलं का?" असे म्हणत भिंगरीने समोरच्या वाडग्यातली मूठभर मिरी माझ्यात टाकली आणि डाव्या हाताने दांडा धरला.

"भिंगरे, उजवा हात!" आई म्हणाली. "सवय होते हळूहळू, किती वेळा सांगितलं? आणि तो बाण दिसत नाही का?"

"दिसतो. पण तो उजव्यांचा आहे."

"झालं सुरू," बाबा काकांना म्हणाले. "कात्रीपासून कुलपापर्यंत रोजचं भांडण आहे आमच्याकडे."

"फिरवू दे हो," काका म्हणाले. "तशीही शेवटचीच वेळ आहे."

पहिल्या फेरीला मी हललेच नाही. भिंगरीने फ्रॉकला हात पुसले आणि सगळे अंग दांड्यावर टाकले. कर्र आवाज झाला. किती वर्षांनी दाण्यांवर माझे दाते बसले! चौथ्या फेरीला खालच्या ताटलीत करडी पूड पडली.

आधी बाबा शिंकले. मग काका शिंकले, तिसऱ्या शिंकेला त्यांचा चष्माच खाली पडला. "बाण बघा," म्हणत ताई धावत आल्या, त्यांचे पुढचे शब्द शिंकेतच गेले.

काकांनी चिमूटभर पूड बोटांत चोळून पाहिली. "ताई, ही बिघडलेली नाहीच. दोन वर्षं आपणच हिला उलटं फिरवतोय." त्यांनी हत्यारांची पेटी बंद केली.

आईने पर्स उजव्या हातात घेतली आणि डाव्या हाताने माझा दांडा धरला. हात सारखा निसटत होता. मनगट वळेना. अर्ध्या फेरीतच ती दमली.

भिंगरीने तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"सवय होते गं आई. हळूहळू."

आई हसली नाही. तिने दांडाही सोडला नाही.

त्याच दुपारी ताईंनी माझ्यावरचा बाण स्वतः खरवडून काढला. मित्रांनो, मला पुन्हा रंग देऊ नका, काचेत तर मुळीच ठेवू नका. महिन्याला तेलाचे चार थेंब आणि रोजचे काम एवढेच मला पुरेल. आणि पुढे कधी कुणाच्या गळ्यात "नादुरुस्त" अशी पाटी अडकवायची वेळ आली, तर त्याआधी एकदा हात बदलून बघा.

माझ्याकडे येताना मात्र रुमाल आणा.