माझ्या नाकातला जंतू

लोकांच्या नाकात काडी घालणं हे माझं काम. तेवीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत तेच करतेय. कापसाची काडी आतल्या भिंतीला टेकवायची, पाच वेळा फिरवायची, मग दुसरी नाकपुडी. कुणी कळवळलं की मी खेकसायची, "एवढ्यानं जीव जात नाही!" शिकाऊ पोरींनी एकाच वेढ्यात काम उरकलं तर त्यांचं काही खरं नसायचं. नाकानं कांदे सोलायची मला भारी हौस.

मग धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला. माझी अस्थिमज्जा, हाडांतला मगज, त्याच्याशी जुळली. ती देण्याआधी औषधांनी त्याच्या पांढऱ्या पेशी पार संपवल्या. माझ्या पेशी रुजून कामाला लागेपर्यंत दोन-तीन आठवडे त्याच्या शरीराला राखायला कुणीच नव्हतं. म्हणून त्याच्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाक जंतूंसाठी तपासायचं. सिस्टर हसून म्हणाली, "तुमचं तुम्हीच घ्या, मॅडम. तुम्हाला आम्ही काय शिकवणार?"

मी घेतलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं, काडी एकदा फिरवली न फिरवली आणि बाहेर काढली. रिपोर्टात काही निघालं नाही.

"ताई, नुसते डोळे काय दाखवतेस? दरोडेखोर वाटतेस," धाकटा म्हणाला. मी हसून मास्क खाली ओढला, त्याची उशी सारखी केली. रिपोर्ट स्वच्छ होता ना!

मज्जा दिल्यानंतर अकराव्या दिवशी त्याला ताप भरला. त्याच्या रक्तातला जंतू आमच्याच प्रयोगशाळेत, प्लेटवर उगवला. सोनेरी पिवळे ठिपके. आरशासमोर उभी राहिले आणि काडी पाच वेळा फिरवली, दोन्हीकडे. दुसऱ्या दिवशी माझ्या प्लेटवर तेच ठिपके, त्याच औषधांना दाद न देणारे.

माझं शरीर या जंतूला कधीपासून ओळखत असणार. रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं आहेत, पेशी सावध आहेत. तो नाकातच राहतो, मला साधी शिंकही येत नाही. असेच राखणदार तयार होतील म्हणून भावाला मज्जा दिली होती. ते कामाला लागण्याआधी मी जंतू पोचवला.

मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. "कुठूनही आला असेल," म्हणाले, आणि मला आत जायला बंदी केली. भावाला काही सांगू नका, असंही म्हणाले. मी मान डोलावली. भित्री कुठली!

संध्याकाळी काचेबाहेर उभी होते. त्यानं फोन कानाला लावला. त्याला धाप लागत होती.

"ताई, तू आत येत नाहीस... माझ्यामुळे तुला कसली लागण झाली का गं?"

"नाही रे."

"मग बरं," तो म्हणाला, आणि हसला. ते त्याचे शेवटचे शब्द ठरले.