लाल बटणांची पट्टी

फॉर्मवर सही आईच्या आधी मी केली. आई पर्समध्ये चष्मा शोधत होती, तेवढ्यात माझं उरकलंसुद्धा. नातं: मोठी बहीण. आणि सही कशासाठी, तर धाकटीची गर्भपिशवी काढून टाकायला. तिला दुखणं काही नव्हतं. पिशवी ठणठणीत होती, आणि तेच माझ्या डोळ्यात सलत होतं.

धाकटी सव्वीस वर्षांची. डोकं सात-आठ वर्षांच्या पोरीएवढं, असं लोक म्हणतात. लोकांची डोकी तरी कुठे मोठी लागून गेलीत! आम्ही दोघी एकाच कारखान्यात शाळेचे गणवेश शिवतो. मी कॉलर लावते, ती बटणं. दिवसाला पन्नास शर्ट, एक बटण वाकडं सापडायचं नाही. सगळे तिला बटणराणी म्हणतात. मला कोणी काही म्हणत नाही.

तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा ती घाबरून कपाटामागे लपली होती. आईला काही सुचेना, मग मीच तिला बाहेर काढलं. कापडाची एक पट्टी दिली आणि सांगितलं, "आली की एक लाल बटण लावायचं. म्हणजे कळेल, सगळं ठीक आहे." तेव्हापासून ती पट्टी वाढतेच आहे. आता गुंडाळी करून पर्समध्ये ठेवते. एक महिना चुकला नाही बाईचा!

आणि मी? लग्नाला अकरा वर्षं झाली. एकदा पंधरा दिवस उशीर झाला, तर मी देव पाण्यात घालून बसले. सोळाव्या दिवशी आलीच. सासूबाई धाकटीच्या देखत म्हणाल्या, "हिची पिशवी रिकामी ती रिकामीच." धाकटीने मला विचारलं, "ताई, रिकामी म्हणजे काय?" मी म्हटलं, "गप बस."

त्यात तो इस्त्रीवाला. साधा, कमी बोलणारा, तिच्याहून दोन-चार वर्षांनी मोठा. एकदा जेवणाच्या सुट्टीत मागच्या पायऱ्यांवर दोघं बसलेली दिसली. सुई धरून तिची बोटं आखडतात. त्याने नुकताच इस्त्री केलेला शर्ट तिच्या हातांभोवती गुंडाळला होता आणि वरून स्वतःचे हात धरले होते. ती डोळे मिटून हसत होती. आमचे हे रस्ता ओलांडतानासुद्धा माझा हात धरत नाहीत, दहा पावलं पुढे निघून जातात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. हिला हेही मिळावं?

घरी जाऊन आईला सांगितलं. चांगलं तिखटमीठ लावून सांगितलं. आई म्हणाली, "उद्या काही झालं म्हणजे? मी आज आहे, उद्या नाही. कोण निस्तरणार?" शेजारच्या नर्सने उपाय सुचवला: पिशवीच काढून टाका, कटकट मिटली. आईला खरोखर काळजी होती, तिला मी नावं ठेवणार नाही. माझ्याकडे नुसतं काळजीचं नाव होतं. भांडी घासता घासता मी मनात स्वच्छ म्हटलं होतं, मला नाही ना, मग हिलाही नको.

धाकटीला सांगितलं, पोटात गोळा झालाय, तो काढायचाय. मी सांगितलं म्हणजे तिला ते खरंच वाटणार.

सही झाल्यावर आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पाहिला, बाजूला ठेवला आणि धाकटीला विचारलं, "काय काढायचंय, माहीत आहे?"

"गोळा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. त्यांनी कागदावर चित्र काढलं. "गोळा नाहीये. ही पिशवी आहे, यात बाळ वाढतं. ही काढली की पाळी येणार नाही, बाळही कधी होणार नाही. चालेल तुला?"

धाकटी चित्राकडे बघत राहिली. मग पर्समधून पट्टी काढून टेबलावर उलगडली. "मग बटण?"

"मग बटण लावायचं नाही."

"नको. माझी आहे ती."

"अगं, शहाणी ना तू," आई म्हणाली.

"ताईची रिकामी आहे, ती काढा की! माझी का?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. शर्टाला बटण कमी पडलं की ती अशीच विचारते. माझे कान तापले. वाटलं, एक सणसणीत ठेवून द्यावी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तिला नकोय, तर मी हात लावणार नाही. बोलायचं असेल तर बाहेर जाऊन बोला."

बाहेर आल्या आल्या आईने माझा दंड धरला. "तू सांग तिला. तुझं ऐकते."

ऐकतेच. "ताई रागावेल हं," एवढं म्हटलं की कडू औषधसुद्धा गटागटा पिते. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. धाकटी बाकावर बसून पट्टी नीट गुंडाळत होती, टोकाला टोक जुळवून.

"आई," मी म्हटलं, "अकरा वर्षं झाली. माझी काढा असं तू कधी म्हणालीस?"

"तुझी गोष्ट वेगळी."

"कशी काय वेगळी?"

आईने माझा दंड सोडला. मी परत आत गेले, फॉर्म मागितला आणि माझं नाव इतकं खोडलं की कागद फाटला. बाहेर येऊन धाकटीसमोर बसले. "गोळाबिळा काही नव्हता. मी खोटं बोलले."

"तू रागावलीस?"

"हो."

"माझ्यावर?"

"थोडी."

तिने मान डोलवली. तिला ते पटलेलं दिसलं.

परवा कारखान्यात ती माझ्या मशीनपाशी आली. एका हातात लाल बटण, दुसऱ्या हातात सुई. लाल दोरा तिला ओवता येत नाही म्हणे, पांढरा येतो. नाटकी! मागे इस्त्रीवाला वाफ सोडत उभा होता, आणि तिचं लक्ष सगळं तिकडे.

"ताई, ओवून दे ना."

मी सुई घेतली. दोनदा दोरा नेढ्यातून निसटला. तिसऱ्यांदा ओवला, गाठ मारली आणि सुई तिच्या हातात दिली.