शकुबाईच्या सांदवाडीतली गुलबक्षी

मित्रांनो, मी एक जुनी गुलबक्षी आहे. चामोर्शीकडच्या एका गावात जंगलाला पाठ लावून बसलेलं शेवटचं घर आहे, त्याच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, माझा मुक्काम. फुलांची गोष्ट म्हणून ऐकायला बसला असाल तर आधीच सांगते, ही गोष्ट गोड नाही.

शकुबाई नवरी होऊन या घरी आली, तेव्हा माहेराहून माझा कंद पदराच्या गाठीत बांधून घेऊन आली. तिनं मला न्हाणीच्या सांडपाण्यावर लावलं. मग काय विचारता! आंघोळीचं पाणी, भांड्यांचं पाणी, चुलीची राख, सगळं मलाच. उन्हाळ्यात मी वाळून मातीत जायची आणि पावसाळ्यात अशी फोफावायची की भादव्यात कुंपण दिसेनासं व्हायचं. इतर फुलं सकाळी फुलतात. मी पडले उलट्या डोक्याची. ऊन कललं की माझ्या कळ्या उघडतात. सांजेला सगळी सांदवाडी राणी रंगाची व्हायची आणि येणारीजाणारी बाई म्हणायची, "शकुबाई, तुह्या हाताले गुण आहे वं!" मला मेलीला वाटायचं, गुण माझाच.

शकुबाईची लेक उर्वशी माझ्याच शेजारी रांगली. माझ्या फुलांचे लांब देठ एकमेकांत अडकवून, दोऱ्याशिवाय वेणी गुंफायला ती शिकली. भादव्याच्या पुनवेला मातीची भुलाबाई बसली की महिनाभर रोज सांजेला पोरी जमून गाणी म्हणायच्या. भुलाबाईला वेणी हवी ती उर्वशीच्याच हातची. पोर एवढीशी, पण तोरा पाटलिणीचा!

गेल्या भादव्यात गावाभोवती बिबट फिरू लागला. आधी कुत्री गेली, मग गावातल्या लालसूची शेळी गेली. वनरक्षक हेमराज घरोघर सांगत आला आणि माझ्यासमोर येऊन थांबला.

"बाई, हे झुडूप आजच्या आज साफ करा. बिबट अशाच जागी दबा धरून बसते. खाली बसलेलं लेकरू त्याले शिकारच वाटते."

शकुबाईचा नवरा मुखरू लगेच विळा घेऊन आला. शकुबाई आडवी आली.

"भुलाबाई होऊ द्या ना. पोरीयले फुलं कुठून आणू?"

"पोरगी मोठी का फूल मोठं?"

"मी राहीन ना तिच्यासंग उभी. काऊन एवढं भेता?"

मुखरू विळा घेऊन परत गेला. बायकोच्या हौसेपुढं त्याचं कधी चाललं होतं? आणि मी खोटं कशाला बोलू, जीव वाचला म्हणून मी खूश झाले.

शकुबाईनं शब्द पाळला. रोज सांजेला लेक फुलं तोडायची आणि ती शेजारी उभी राहायची. पण एका दिवशी खाऊची पाळी तिच्या घरची आली. भुलाबाईच्या गाण्यानंतर झाकलेला खाऊ पोरींनी ओळखायचा असतो. नाही ओळखता आला तर खाऊ करणारीचा मान. शकुबाई चुलीपाशी जवसाचे लाडू करत होती आणि उर्वशी झाकण उचलून पाहायला टपलेली. पोरीनं पाहिलं की गावभर झालंच! शकुबाई लाडानंच ओरडली, "चाल हट! खाऊ पाहू नको. जाय, फुलं तोड, आलीच मी."

ती येणारच होती. पण गुळाचा पाक चुलीवर होता आणि पाक क्षणभर सोडला तरी बिघडतो.

उर्वशी माझ्यापाशी उकिडवी बसली. बिबट माझ्या मागं दुपारपासून होता. मित्रांनो, मला पाय नाहीत, तोंड नाही, एक फांदीसुद्धा मला स्वतःहून हलवता येत नाही. पोरीला किंकाळी फोडायलाही वेळ मिळाला नाही. पदराला हात पुसत शकुबाई बाहेर आली तेव्हा मातीत अर्धीच गुंफलेली वेणी पडली होती.

सकाळी माणसांना जंगलात उर्वशी सापडली. कशी सापडली ते मी सांगणार नाही.

मुखरूनं सब्बल आणून मला खणून काढलं. घाव घालताना तो माणूस ढसाढसा रडत होता. शकुबाई दारात बसून होती, तिच्या डोळ्याला पाणीसुद्धा येईना. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये. पण माझी जात मेली चिवट, कंदाचा एक तुकडा मातीत राहिला आणि यंदाच्या पावसात मी पुन्हा फुटले. दोन पानं वर आली की शकुबाई येते आणि खुडून टाकते. खुडू द्या. मला तिचा राग येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या झाडानं तुमच्याकडं खतपाणी मागायचं असतं. मी ते मागत नाही. जंगलाच्या काठी राहत असाल तर घरालगतच्या दाट झुडपावर माया करू नका. कितीही फुललेलं असू द्या, त्याला विळा लावा आणि तो आजच लावा.

यंदा भुलाबाई बसवायचीच नाही, असं गावानं ठरवलं होतं. शकुबाईच उठली आणि शेजारच्या अंजनाबाईकडं गेली.

"तुह्या निशाले अन् सगळ्या पोरीयले खेळू दे. पण सांजेले नाई, दुपारी. अन् माह्या सांदवाडीत. गावात साफ जागा तेवढीच आहे."

अंजनाबाई त्याच पावली घरोघर सांगायला निघाली. 

पोरी भर दुपारी आल्या. भुलाबाईला कागदी फुलांची माळ होती. माझं फूल दुपारी उघडत नाही आणि यंदा माझ्यापाशी फूलही नव्हतं. बरं झालं नव्हतं. पोरी आधी हळू आवाजात गात होत्या, मग रंगल्या, टाळ्या पडू लागल्या. शकुबाई काठी मांडीवर घेऊन, त्यांच्याकडं पाठ करून, जंगलाकडं तोंड करून बसली होती.

निशा म्हणाली, "काकू, इकडे पाहा ना!"

"तुम्ही म्हणा वं पोरीहो. मी आयकून राह्यली."

गाणी संपेपर्यंत ती एकदाही वळली नाही.