नऊ टक्क्यांचं खातं

झाहले गावात कुठली बँक किती व्याज देते ते विचारायचं तर ओडेटकडे जा, असं लोक म्हणायचे. ओडेट म्हणजे मी. सकाळच्या कॉफीला शेजारणी माझ्याकडे जमायच्या आणि पेला पालथा घालून गाळात भविष्य बघायच्या आधी मला दर विचारायच्या. डॉलरवर अमकी सहा देते, तमकी साडेसहा, वर्षभर बांधून ठेवले तर सात. सगळं तोंडपाठ. नवरा हयात होता तेव्हा म्हणायचा, "हिला प्रार्थना विचारा, अडखळेल. टक्के विचारा, झोपेतसुद्धा सांगेल." सगळे हसायचे, मीही हसायचे. शेफारून गेले होते मी, दुसरं काय!

माझी धाकटी बहीण नुहाद कुवेतला एका घरात मुलं सांभाळायची. एकोणीस वर्षं दुसऱ्यांची पोरं अंगाखांद्यावर वाढवली. लग्न नाही, संसार नाही. त्या पगारातून तिनं एक्केचाळीस हजार डॉलर साठवले, ते इथं दोन खोल्यांचं घर घ्यायला. फोनवर म्हणायची, "ताई, आयुष्यभर लोकांच्या छताकडे बघत झोपले. मरताना तरी माझ्या स्वतःच्या छताकडे बघीन." पैसे आमच्याच बँकेत तिच्या बचत खात्यात होते आणि सहीचा अधिकार माझ्याकडे. व्याज पाच टक्के. पाच! मला ते बघवायचं नाही.

दोन हजार एकोणीसच्या सप्टेंबरात मी किब्बेचं, म्हणजे कुटलेल्या मटणाच्या वड्यांचं, ताट घेऊन रीमोनकडे गेले. रीमोन म्हणजे माझ्या नवऱ्याच्या चुलतभावाचा मुलगा, आमच्या शाखेचा मॅनेजर. आमच्याकडे ओळखीशिवाय कुणी दारात उभं करत नाही, आणि ओळख असून वापरली नाही तर लोक वेड्यात काढतात. रीमोननं दार लावून घेतलं. "काकू, बाहेर बोलू नका. सगळ्यांना आठ देतो, तुम्हाला नऊ. पण दोन वर्षं हात लावायचा नाही."

मी सगळेच्या सगळे मुदत ठेवीत टाकले. नुहादला बोलले नाही. नाताळात सांगून तिला चकित करायचं होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिचा फोन आला. आवाज घाबरलेला. "ताई, इथले साहेब म्हणतात आपल्याकडच्या बँकांचं काही खरं नाही. सगळे पैसे काढ आणि घरात ठेव. व्याज गेलं तर गेलं खड्ड्यात."

मी रीमोनकडे गेले. तो हसलाच. "काकू, तुम्हीसुद्धा? आज ठेव मोडलीत तर तीन हजार दंड बसेल. दोन आठवडे थांबा, मी दंडाशिवाय मोडून देतो."

तीन हजार! नुहादला काय सांगू, तुझे पैसे न विचारता बांधले आणि वर दंडही भरला? मी तशीच परत आले. संध्याकाळी तिनं विचारलं, "काढलेस?"

"काढले."

"कुठं ठेवलेस?"

"बेगमीच्या खोलीत. तेलाच्या रिकाम्या डब्यात."

तिनं हुश्श केलेलं मला ऐकू आलं. "देव तुझं भलं करो, ताई. तू आहेस म्हणून मला झोप लागते."

मला वाटलं, दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. पैसे डब्यात आले की खोटं खोटं राहणार नाही.

पुढच्याच आठवड्यात लोक सरकारविरुद्ध रस्त्यावर उतरले, टायर जळले आणि बँका बंद झाल्या. उघडल्या तेव्हा दारांवर लोखंडी पत्रे होते. बचत खात्यातून आठवड्याला दोनशे डॉलर मिळतील, मुदत ठेवीतून काही नाही. रीमोननं मान वर केली नाही. "काकू, माझेही अडकलेत हो." मी त्याच्या टेबलावर हात आपटला, ओरडले, त्याची आई काढली. रखवालदारानं दंडाला धरून बाहेर आणलं.

माझ्या स्वतःच्या खात्यात सहा हजार होते. दर गुरुवारी सकाळी सहापासून रांगेत उभं राहायचं, दोनशे घ्यायचे आणि डब्यात टाकायचे, असं मी सुरू केलं. एक्केचाळीस हजार व्हायला चार वर्षं लागली असती आणि माझ्याकडे होतेच सहा. हिशेब काय मला येत नव्हता? पण डब्यात नोटा पडल्या की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

दोन डिसेंबरला नुहाद कायमची परत आली. डब्यात तेव्हा सहाशे होते. घरात शिरल्या शिरल्या ती बेगमीच्या खोलीच्या दारात उभी राहिली. कडधान्यांची पोती, तेलातल्या भरल्या वांग्यांच्या बरण्या, कोपऱ्यात डबा.

"दाखवू का काढून?" मी विचारलं.

"राहू दे गं. पळून जातायत का?" ती म्हणाली, आणि मी रोटी आणायला खाली गेले ते जिन्यावर बसूनच राहिले.

त्यानंतर घरातला एकेक आवाज मला छळायला लागला. ती त्या खोलीत वांगी काढायला गेली की मी कान टवकारायचे. डब्याचं झाकण वाजलं? नाही, बरणीचं होतं. फोन वाजला की वाटायचं, बँकेतून कुणी तिला सगळं सांगितलं. जेवण जाईना. नुहाद म्हणायची, "ताई, किती वाळलीस! डॉक्टरला दाखव." मी तिच्यावरच खेकसायचे, "तू तुझं बघ!"

त्यात शेजारणी. आता कॉफीला कुणी टक्के विचारत नव्हतं. सगळ्यांचे अडकलेले. सामिया नुहादला म्हणायची, "नशीबवान गं बाई तू! अख्ख्या गावात तुझेच तेवढे सुटले." नुहाद पेल्यात बघत म्हणायची, "ताईची कृपा." मला तो पेला तिच्या हातातून हिसकावून फोडावासा वाटायचा.

एक फेब्रुवारीच्या शनिवारी सकाळी दार वाजलं. आमच्या भागाचा मुख्तार, म्हणजे कागदांवर शिक्का मारणारा एलियास, आणि त्याच्याबरोबर नदीकडच्या गल्लीतला म्हातारा हबीब. हबीबच्या बायकोला उपचाराला परदेशी न्यायचं होतं. त्याला रोकड हवी होती, आजच्या आज. दोन खोल्यांचं घर, पुढं द्राक्षाचा मांडव. साठ हजारांचं घर तो तीसला द्यायला तयार होता, कारण गावात रोख डॉलर फक्त नुहादकडे आहेत असं त्यानं ऐकलं होतं.

नुहाद माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, डबा आणतेस?"

मी उठले. खोलीत गेले, दार लोटलं. बाहेर एलियास मोठ्यानं म्हणत होता, "ओडेटचं डोकं म्हणजे डोकं!" डबा उघडला. चोवीसशे डॉलर. आत्ता जाऊन सांगायचं, एवढंच करायचं होतं. दार चार पावलांवर होतं.

मी नोटा झग्याच्या आत कोंबल्या. किब्बे कुटायचं लाकडी मुसळ उचललं आणि मागच्या बोळाकडच्या छोट्या खिडकीची काच फोडली. डबा आडवा पाडला आणि किंचाळले, "चोर! चोर! अरे लुटलं आम्हाला!"

तिघंही धावत आले. हबीब भिंतीला टेकून मटकन खाली बसला. एलियास फोन काढून म्हणाला, "पोलिसांना बोलावतो."

नुहाद खिडकीशी गेली आणि बाहेर वाकली. बोळात रात्रीचा बर्फ होता, कोरा, एकही पाऊल न उमटलेला. त्यावर काचा पडल्या होत्या. सगळ्या बाहेर. खोलीत एक तुकडासुद्धा नव्हता. मला ते तेव्हा दिसलं.

"फोन ठेवा," नुहाद म्हणाली. "मांजर असेल. पैसे मीच परवा दुसरीकडे हलवले, ताईला सांगायचं राहिलं. ती उगाच घाबरली." मग हबीबपुढं उकिडवी बसून त्याचा हात हातात घेतला. "काका, माफ करा. घराचं नाही जमायचं मला." एलियासनं खिडकीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या मुसळाकडे पाहिलं आणि म्हाताऱ्याला उठवून घेऊन गेला.

दार लागलं. नुहादनं माझ्यापुढं हात पसरला.

"दे."

मी झग्यातून नोटा काढून दिल्या. तिनं मोजल्या नाहीत.

"चोवीसशे," ती म्हणाली. "आले त्या दिवशीच बघितलं होतं मी. तू रोटी आणायला गेली होतीस. सहाशे होते. मग दर गुरुवारी दोनशे वाढायचे. तू मरमर करून आणतेयस ते कळत होतं मला. रोज तुझ्या तोंडाकडे बघायचे. म्हणायचे, आज सांगेल, उद्या सांगेल. पैसे गेले ते मी कधीच सोडून दिले होते गं."

"नुहाद, मी..."

"आज मुद्दाम डबा आण म्हटलं. म्हटलं, आता तरी माझ्याजवळ येऊन रडेल. तू चोर आणलास, ताई." तिचा आवाज फाटला. "तू मला घाबरलीस? मला?"

तिनं डबा उभा केला, नोटा आत ठेवल्या आणि खिडकीला पुठ्ठा लावला.

घर तिचं झालं नाही. जाणार कुठं? माझ्याच घरात, माझ्याच छताखाली राहते. पुढच्या गुरुवारी मी उठायच्या आधी कोट घालून दारात उभी होती. "चल," म्हणाली, "रांग वाढेल."

तेव्हापासून दर गुरुवारी येते. मी पुढं, ती मागं. थंडीत तिचा श्वास माझ्या मानेवर लागतो. बाकीच्या बायका बँकेला शिव्या देत असतात, कुणी मला पूर्वीसारखं काही विचारतंसुद्धा. मी मागं वळून बघत नाही. धाडस होत नाही.