सात दिवसांची सही

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. सध्या माझा मुक्काम पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या कपाटात आहे. एका जाड पाकिटात मला बंद केले आहे आणि त्यावर लाखेचा शिक्का आहे. गुन्हा मी केलेला नाही. मी पुरावा आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे बारीक स्क्रू पिळले, काच बसवली आणि मला खोक्यात झोपवले. ते खोके एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने विकत घेतले. लग्नाच्या वाढदिवसाला त्याने मला बायकोच्या हातात ठेवले, तेव्हा तिचे डोळे भरून आले. माझे खाते त्याने स्वतःच्या खात्याला जोडून घेतले. कोणतेही नवे ॲप घ्यायचे तर आधी त्याच्या फोनवर विचारणा जायची आणि त्याने होकार दिला तरच ते माझ्यात यायचे. किती काळजी करतो, असेच तिला तेव्हा वाटले.

माझी मालकीण चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा घासून चौकटीत बसवायच्या, हे तिचे काम. तिचा हात इतका हलका होता की अवघड नंबरच्या काचा दुकानदार तिच्याशिवाय कुणाला देत नसत. काचा पुसायच्या मऊ कापडाने ती मलाही पुसायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

नवरा रोज संध्याकाळी कामावरून आला, की हात धुऊन मला मागून घ्यायचा आणि आलेले-गेलेले फोन तपासायचा. एकदा सुट्टीच्या दिवशी दुकानदारांचा फोन आलेला त्याला दिसला. एका गिऱ्हाइकाची काच कुठे ठेवली, एवढेच त्यांनी विचारले होते. नवऱ्याने मला टेबलावर नीट ठेवले आणि तिच्या कानाखाली अशी मारली की ती कपाटावर जाऊन आदळली. दोन महिन्यांनी त्याने तिचा उजवा हात स्वयंपाकघरातल्या खणात धरला आणि गुडघ्याने खण बंद केला. मी ओट्यावरच होतो. हाड मोडल्याचा आवाज अगदी लहान असतो, मित्रांनो. बाहेरच्या खोलीत सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

हातावर दुकानाचे शटर पडले, असे मालकिणीने सगळ्यांना सांगितले. सगळ्यांना ते पटले, तिच्या धाकट्या बहिणीला मात्र पटले नाही. ही बहीण एका बसकंपनीसाठी ॲप लिहायची. एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती चष्म्याच्या दुकानात आली. मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी, दोघी बसल्या आणि मालकिणीने पहिल्यांदा सगळे सांगितले. आजच्या आज घर सोड, असे बहीण म्हणाली. पण मालकिणीची हिंमत होईना. तू गेलीस तर आधी तुझ्या बहिणीला लिफ्टच्या खड्ड्यात ढकलीन, असे नवऱ्याने तिला बजावले होते.

मग बहिणीने स्वतः एक ॲप लिहिले. ते नेहमीच्या वाटेने आले असते तर नवऱ्याच्या फोनवर विचारणा गेली असती, म्हणून लॅपटॉपला केबल जोडून तिने ते थेट माझ्यात घातले. आम्हा फोनांचा एक नियम असतो. बिनसहीचे ॲप आम्ही उघडत नाही. बनवणाऱ्याने त्यावर आपल्या सर्टिफिकेटची सही करावी लागते, आणि मग आम्ही मालकाला विचारतो, या माणसावर तुमचा विश्वास आहे का? माझ्या पडद्यावर बहिणीचा ईमेल उमटला. मालकिणीने पट्टी बांधलेल्या बोटाने होकार दाबला.

ॲप दिसायला चष्म्याच्या नंबरांचा तक्ता होता. पण त्यात ‘उणे बावीस’ असा नंबर टाकला, की मी गुपचूप खोलीतला आवाज टिपून बहिणीकडे पाठवू लागायचो. अडचण एकच होती. त्या साध्या सहीची मुदत सात दिवसांची. मुदत संपली की ॲप उघडत नाही, पुन्हा केबल जोडून नवी सही करावी लागते. वर्षभर चालणारे सर्टिफिकेटही मिळते, असे बहिणीने सांगितले, तेव्हा तेच घे ना, असे मालकीण म्हणाली.

“नको ताई, सात दिवसांचंच बरं,” बहीण म्हणाली. “दर बुधवारी तू मला दिसशील तरी.”

तिसऱ्या आठवड्यात दूध उतू गेले. नवरा शिव्या देत उठल्याचे ऐकून मालकिणीने घाईघाईने नंबर टाकला. माझ्याच चार्जरची वायर त्याने तिच्या गळ्याभोवती आवळली. तिचे पाय फरशीवर घासत होते. तो मध्येमध्ये वायर सैल करायचा, माफी मागायला लावायचा आणि पुन्हा आवळायचा. अकरा मिनिटे मी ते सारे टिपले. बहीण धावत आली, तर त्याने हसतमुखाने दार उघडले. काही झाले नाही, असे मालकिणीनेही ओढणी गळ्याभोवती लपेटून सांगितले. बहिणीला परत जावे लागले. पोलिसांत जाऊ नकोस, असे मालकिणीने पुढच्या बुधवारी तिला विनवले. ती अकरा मिनिटे मात्र तिच्या लॅपटॉपवर राहिली.

त्या दिवसापासून नवऱ्याला संशय आला. एका बुधवारी तो दुकानासमोर उभा राहिला आणि बहिणीला बाहेर पडताना त्याने पाहिले. पुढच्या बुधवारी त्याने बायकोला कामावर जाऊच दिले नाही. तिला ताप आहे, असे दुकानात कळवले. आईला दारापाशी खुर्ची टाकून बसवले आणि स्वतः हत्यारांच्या पिशवीतून मोठा पाना काढला. बहिणीला काय काय सांगितलेस, असे तो विचारत राहिला. दर प्रश्नाला एक फटका.

दुपारी एकला माझ्यातली सही संपली. सव्वाएकला मालकीण सरपटत ओट्यापर्यंत आली आणि तिने मला हातात घेतले. ॲप डोळा मिटावा इतका वेळ उघडले आणि बंद झाले. तिने पुन्हा दाबले. ‘हे ॲप आता उपलब्ध नाही,’ असे मी दाखवले. मला दुसरे काही दाखवताच येत नव्हते. त्याने मला हिसकावले, सेटिंग उघडली आणि सही कुणाची आहे ते वाचले. मग त्याने तोच पाना तिच्या खांद्यावर घातला. खांद्याजवळचे हाड मोडले. दुसरा घाव कानावर बसला. तिसरा माझ्यावर.

बहीण एक वाजता केबल घेऊन दुकानात पोचली होती. तापाचे ऐकताच ती खाली बसलीसुद्धा नाही. तडक पोलीस ठाण्यात गेली आणि तिथल्या पोलीस अधिकारी बाईंच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती अकरा मिनिटे लावली. दोन मिनिटे ऐकून बाई उठल्या.

दार वाजू लागले. उघडू नकोस, बसून राहा, असे नवऱ्याने आतून आईला दरडावले. सासूबाई खुर्चीवरून उठल्या.

“बसूनच राहिले रे आजवर,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी कडी काढली.

तो पाना घेऊन पोलिसांवरही धावला. एका पोलिसाचे मनगट त्याने फोडले. तिघांनी मिळून त्याला जमिनीवर दाबले तेव्हा कुठे त्याच्या हातातून पाना सुटला. बहीण मालकिणीचे डोके मांडीवर घेऊन बसली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिला नाव घेऊन हाक मारत राहिली.

खटला अजून चालू आहे. सासूबाईंनी मुलाविरुद्ध साक्ष दिली. माझी मालकीण आता बहिणीकडे राहते. तिची दोन बोटे वळत नाहीत, म्हणून काचा घासायचे काम सुटले. ती लोकांचे डोळे तपासायला शिकते आहे. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. रस्त्याने जाताना बहीण तिच्या उजव्या बाजूने चालते, असे बाई परवा कपाटाशी कुणाला तरी सांगत होत्या.

ऐन वेळी मी उपयोगी पडलो नाही, ही खंत मला आहे. म्हणून, मित्रांनो, माझे एवढे ऐका. नेहमी दिसणारे माणूस ठरल्या दिवशी दिसले नाही, तर त्याच्या नावाने आलेल्या निरोपावर विसंबू नका. आमच्यासारख्या फोनांवर तर मुळीच विसंबू नका. त्याच्या घरी जा आणि दार उघडेपर्यंत वाजवत राहा.