जमुनाबाईचा कांडी कोळसा

जमुनाबाईचा हात सढळ, आणि तोच तिला नडला. चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या त्या गावात गावजेवणाला घरटी एक मोळी जळण द्यायची रीत. जमुनाबाईने मोळीऐवजी कांडी कोळशाचं पोतं दिलं. तिच्या बचत गटाच्या शेडमध्ये संडासाच्या टाक्यांतला गाळ वाळवून, भाजून, धानाच्या कोंड्यात मिसळून तो कोळसा बनायचा. वास नाही, धूर नाही. भात मोकळा शिजला, लोकांनी मागून मागून खाल्ला. मग कुणीतरी पोतं ओळखलं आणि अर्धी पंगत घशात बोटं घालून ओकायला धावली. सरपंच केवळरामने शेड बंद करायला लावली. कुलपाची चावी तेवढी जमुनाबाईकडे राहिली.

शेड बंद, म्हणून टाक्या उपसणारी गाडीही बंद. पावसाळ्यात जमुनाबाईच्या घरची टाकी तुंबली. सून पुष्पांजली आठव्या महिन्याची. ती लोटा घेऊन तलावाच्या पाळीवर जाऊ लागली. एकदा चिखलात घसरली, थोडक्यात वाचली. जमुनाबाईच्या जिवाला घोर लागला. तिने केवळरामच्या दाराचे उंबरे झिजवले. तो मेला नुसता हसायचा.

भादव्यात झड लागली आणि केवळरामची म्हातारी आई गेली. गावातलं लाकूड न लाकूड भिजलेलं. रॉकेल ओतलं, तूप ओतलं, सरण काही धरेना. शेवटी केवळराम ओल्या धोतरानिशी जमुनाबाईच्या दारात आला. मागे पाचसहा माणसं.

"वयनी, शेडची चावी दे. मायचं सरण पेटून नाही राहिलं."

"मंग शेड चालू करू देशीन? सगळ्याइच्या समोर सांग."

"करू देतो. मायची आण."

मागच्यांनी माना डोलावल्या. जमुनाबाईने चावी दिली, वर स्वतः पोती उचलू लागली. होता नव्हता तो सगळा कोळसा गेला. सरण असं पेटलं की परत आलेले लोक त्याचंच कौतुक करत होते. आता आपली शेड सुरू होणार म्हणून जमुनाबाईला दोन घास गोड लागले.

तेरवी झाली तशी ती झाडू घेऊन शेडवर गेली. दाराला दुसरंच कुलूप. केवळराम तिथेच उभा.

"वयनी, आता ते मसणातलं जळण झालं. त्याच्यावर मुर्दा जळला. असं अभद्र गावात कोण बनू देईन?"

"अन् तू मायची आण घेतली होती ते?"

"माय त तवा मेलीच होती न," केवळराम म्हणाला.

त्या दिवशी माना डोलावणारे बाजूलाच बिडी ओढत होते. एकानेही वर पाहिलं नाही. जमुनाबाईच्या तोंडाला शिवी आली, पण हुंदका आधी फुटला. त्या माणसांपुढे रडावं लागलं याचीच तिला जास्त चीड आली.

ती घरी आली तेव्हा पुष्पांजली कमरेवर हात ठेवून दारात उभी होती, हातात लोटा. पाऊस सुरूच होता. जमुनाबाईने झाडू टाकला, सुनेचा दंड घट्ट धरला आणि दोघी पाळीकडे निघाल्या.