हातभर अंतरावरचा भरलेला तांब्या

मी एक जुना, पोचे पडलेला तांब्या आहे आणि मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही.

गोरोबाआबांच्या लग्नात मी या घरी आलो. देवपूजा केली, पाहुण्यांची तहान भागवली. घरात स्टील आले आणि माझी रवानगी परसात झाली. त्याचे मला काही वाटत नाही. राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा.

येरमाळ्याची यात्रा जवळ आली की घराला चुना लावायची आमची रीत. त्या वर्षी आबांची सून अयोध्या पिंपात चुनकळी भिजवत होती. चुना खदखदला आणि शिंतोडा तिच्या उजव्या डोळ्यात गेला. मी हातभर अंतरावर होतो, काठोकाठ भरलेला! तिने चाचपडत मला उचललेसुद्धा. तोच आबा ओरडले, "पाणी लावू नगं! पाण्यानं चुना आणखी उकळतो, बघितलं न्हायस का?"

आणि डोळ्यात तूप घातले. अहो शहाण्यांनो, पिंपातल्या कळीचा न्याय डोळ्याला लावता? डोळा आधीच ओला असतो. तिथे चुना जाळतच राहतो. तो भरपूर पाण्याने, तिथल्या तिथे धुऊन काढायचा असतो.

पुढे डोळा लालच राहिला. उजेड सोसेना. बुबुळावर पांढुरका पडदा आणि रक्ताच्या बारीक शिरा चढल्या. "फूल पडलंय, जाईल," आबा म्हणत. तसेच वर्ष गेले. अखेर सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी दुखणे ओळखले. अयोध्या परसात नवऱ्याला, भागवतला, सांगत होती, "बुबुळाच्या काठाला मूळपेशी असत्यात म्हनं. बुबुळावरची कातडी त्याच नवी करत्यात. माझ्या जळाल्या. आता नुसतं बुबुळ बदलून भागत न्हाय. चांगल्या डोळ्याच्या काठचा बारीक तुकडा काढून इथं लावनार."

"बियाण्यावानी?"

"व्हय."

तसे केले. आता त्या डोळ्याने तिला दारातली शेळी ओळखू येते. सुईत दोरा मात्र ओवता येत नाही.

यंदा शिंतोडा आबांच्याच डोळ्यात उडाला. "तूप आणा!" ते किंचाळले. अयोध्येने मला उचलले.

"मामा, मान वाकडी करा अन् डोळा उघडा!"

आबा ओरडत होते, ती ओतत होती. बादलीत मला बुडवून पुन्हा ओतत होती. "माझ्या डोळ्याला ह्ये मिळालं न्हाय," ती रडत म्हणाली, "तुमच्या तरी मिळू द्या." मग भागवतने त्यांना तडक दवाखान्यात नेले.

आबांचा डोळा वाचला. मला आनंद व्हायला हवा, पण पुरता होत नाही. त्या दिवशीही मीच होतो आणि पाणीही हेच होते.

मित्रांनो, मला घासूनपुसून कपाटात मिरवू नका. चुन्याजवळ भरून ठेवा. आणि कुणी मध्ये हात घातला, तर तो झटका आणि ओता.